नळ पोहोचला, पाण्याचे काय?

जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या मेळघाटातील गावांत कॉलऱ्याची साथ आली. अनेक जण आजारी पडले, काहींचा जीव गेला. या भागात पाणीपुरवठा योजना नव्हती, असे नाही. वीजबिल थकल्याने पुरवठा बंद पडला होता आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. ऐन पावसाळ्यात अशा विहिरीत आजूबाजूची घाण वाहून येते.

ही घटना आज आठवण्याचे कारण म्हणजे जलजीवन मिशन. ऑगस्ट २०१९ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा देशातील सुमारे १७ टक्के ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ च्या अर्थसंकल्पात हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेल्याचे सांगून योजनेला २०२८ पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली. दूरवरून हंडा वाहणाऱ्या बाईसाठी हा बदल मोठाच आहे. पण माणशी रोज ५५ लिटर पाणी देणे आणि ते पिण्यायोग्य असणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी कंत्राटदार लागतो, दुसऱ्यासाठी गावात रोज राबणारा माणूस लागतो.

बहुतेक गावांत पाणी दिवसातून तास-दोन तास, कुठे एक दिवसाआड सुटते. पुरवठा बंद झाला की पाइपातील दाब उतरतो. पाइप गटाराजवळून जात असेल आणि कुठे गळती असेल, तर बाहेरचे घाण पाणी आत शिरते. दुसऱ्या दिवशी तेच घरोघरी पोहोचते. म्हणून टाकीत शुद्ध असलेले पाणी नळाला तसेच असेल, याची खात्री नसते.

यावर स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे क्लोरीन. टीसीएल पावडरचे द्रावण करून टाकीत मिसळायचे आणि किमान अर्धा तास थांबायचे. त्यानंतर शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. ओटी चाचणीत पाण्याला पिवळसर रंग आला की ते असल्याचे कळते. मात्र पावडर ओलसर जागी किंवा उघड्या पोत्यात राहिली तर तिची ताकद उतरते. मग माप बरोबर असूनही जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्यातही क्लोरीन लवकर संपते. त्यामुळे पावसाळ्यात तपासणी वाढवावी लागते.

हे काम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो. बहुतेक ठिकाणी तोच पंप चालवतो, तोच गळती काढतो आणि मानधन मात्र तुटपुंजे, तेही उशिरा. त्याच्या कामाची नोंद लाल, पिवळ्या आणि हिरव्या कार्डांतून होते. वर्षातून दोनदा सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना ही कार्डे दिली जातात. लाल म्हणजे जास्त जोखीम. हे कार्ड दप्तरात न ठेवता ग्रामसभेत वाचून दाखवले पाहिजे, कारण त्या पाण्याचे परिणाम गावालाच भोगायचे असतात.

मुदतवाढीची ही वर्षे केवळ उरलेल्या जोडण्यांसाठी खर्ची पडली, तर पाचडोंगरीसारखी वेळ दुसऱ्या गावावर येईल. पंपाचे वीजबिल, टीसीएल आणि जलसुरक्षकाचे मानधन यांचा पैसा दरमहा वेगळा काढून ठेवावा लागेल. त्यासाठी गावाने पाणीपट्टी भरायला हवी. पण विरळ वस्तीच्या आदिवासी पाड्यांना सगळा भार पेलणार नाही. तिथे शासनाने वाटा उचलणे साथ आवरण्यापेक्षा स्वस्त पडते.

तोवर घरात काळजी घ्यावी. गढूळ पाणी गाळून, खळखळ उकळून झाकून ठेवावे आणि दांडीच्या ओगराळ्यानेच काढावे. कोणाला जुलाब सुरू झाले तर लगेच ओआरएस द्यावे आणि लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा ग्लानी आली तर दवाखाना गाठावा. एकाच वस्तीत दोन-तीन जणांना जुलाब दिसले, तर आशाताईंना त्याच दिवशी कळवावे. त्या वेळी केलेली पाण्याची तपासणी पुढची साथ रोखू शकते.