भरताची समजूत आणि कांद्याची निर्यात

आवडतं गाणं कोणतं असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. गीतरामायणात राम भरताची समजूत काढतो, ते. 1955 साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. हे गाणं पुढे वडिलांच्या रेडिओवर भेटलं. गदिमांचे शब्द, बाबूजींचा आवाज आणि यमन. आता मोबाईलवर ऐकतो, रोज संध्याकाळी, चहा संपेपर्यंत. त्या वेळात घरात कोणी माझ्याशी बोलत नाही.

परवा मात्र ते अर्ध्यात थांबवावं लागलं. निफाडचा पुतण्या आला होता. कांद्याचा व्यापार करतो. "निर्यातीसाठी सज्ज व्हा" अशा एका कार्यशाळेला जाऊन आला होता. परवाना कसा काढायचा, प्रतवारी कशी करायची, गोणीवर काय छापायचं, सगळं सांगितलं म्हणे. शेवटी यानं विचारलं, "साहेब, एवढं करून उद्या बंदी आली तर?" वक्ते हसून म्हणाले, "ते राम-भरताचं गाणं ऐकता ना? तसंच आहे ते!" सभागृह हसलं. मला राग आला, आणि अजून गेलेला नाही.

अहो, राम बोलतो ते दशरथाच्या मरणाबद्दल, वनवासाबद्दल. ज्याला इलाज नाही त्याबद्दल. अधिसूचना काय आभाळातून पडते? तिच्यावर सही असते, तारीख असते.

या तारखाच बघा. 19 ऑगस्ट 2023, शनिवार: कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क, तत्काळ लागू. लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ऑक्टोबर संपता संपता टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य. 8 डिसेंबरला सरळ बंदी, 31 मार्च 2024 पर्यंत. बरं, ती तारीख तरी पाळावी! मार्च संपायच्या आत "पुढील आदेशापर्यंत" अशी मुदतवाढ. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्कासकट. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि ते 1 एप्रिल 2025 ला संपलं. वीस महिन्यांत इतक्या वेळा नियम बदलले. वर्गात मी इतक्या वेळा वेळापत्रक बदललं असतं तर हेडमास्तरांनी मला घरी पाठवलं असतं.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, तोही वजन घटत, सडत. डिसेंबरात येतो तो लाल कांदा, तो साठवताच येत नाही. त्याला पावणेचार महिने थांबा म्हणणं म्हणजे फेकून द्या म्हणणं. आणि तिकडे मलेशियाचा किंवा दुबईचा गिऱ्हाईक काही उपाशी बसत नाही, दुसऱ्या देशाचा कांदा घेतो. तो परत यायला वेळ लागतो.

कांदा महागला की पुण्यामुंबईतल्या गृहिणीचे हाल होतात हे मला मान्य आहे. माझी मुलगीच ठाण्यात राहते. भाव आवरू नका असं मी म्हणत नाही. पण लागवडीआधी सांगा. करार झालेला, गाडीत चढलेला माल तरी जाऊ द्या. ब्रिटन 31 जानेवारी 2020 ला युरोपीय संघातून बाहेर पडलं, पण व्यापाराचे नियम बदलले 1 जानेवारी 2021 ला. मधे अकरा महिने होते. कराराचा मजकूर ऐन नाताळात हाती आला म्हणून तिथले व्यापारी ओरडले, आणि योग्यच ओरडले. आमच्या पोरांना आदल्या रात्री कळतं, आणि वर कार्यशाळेत सांगायचं, तयारी करा. कशाची?

तेव्हा साहेब, आमचं गाणं आम्हाला परत द्या. घरात कोणी गेलं तेव्हा आम्ही ते ऐकलंय. माझी आई गेली त्या रात्री मी ते तीनदा ऐकलं. तुमच्या आदेशांवर पांघरूण घालायला ते लिहिलेलं नाही.

पुतण्या उठताना म्हणाला, "काका, यंदा चाळ वाढवू का?" मी जन्मभर मराठी शिकवलं, याला काय सांगणार? "वाढव" म्हणालो नाही आणि "नको"ही म्हणालो नाही. तो गेला. चहा गार झाला होता.