पितळेचे मोल आणि टपालसेवकाचे

‘चपराशी’ आणि ‘पट्टेवाला’ हे दोन्ही शब्द माणसाच्या कामावरून नव्हे, तर त्याच्या अंगावरील खुणेवरून आले आहेत. चपरास म्हणजे पट्ट्यावरील धातूचा बिल्ला. तो मिरविणारा तो चपराशी. सरकार खेड्यापाड्यांत दिसले ते पुष्कळदा अशा पितळी तुकड्याच्या रूपाने. म्हणूनच टपालखात्याचे जुने बिल्ले जमविण्याचा छंद केवळ रिकामपणाचा उद्योग ठरत नाही.

अंतर कितीही असो, वजनानुसार एकच दर, ही व्यवस्था देशभर १८५४ मध्ये सुरू झाली. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आले, १८८० मध्ये मनिऑर्डर. रत्नागिरीला या मनिऑर्डरचे महत्त्व सांगावयास नको. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या पैशावर कोकणातील चुली पेटत. घाम गाळून मिळविलेली रक्कम परक्या हातांतून पाठवावयाची, तर विश्वासाला काही दृश्य आधार हवा. गणवेश आणि बिल्ला हा तो आधार होता.

आज त्याच बिल्ल्याला दुर्मिळतेमुळे किंमत येते. संग्राहकांनी अनेक बिल्ले भंगारवाल्याच्या भट्टीपासून वाचविले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु किमतीमागोमाग नक्कलही येते. सिंहमुद्रा २६ जानेवारी १९५० रोजी राजमुद्रा झाली. तेव्हा मुकुटाचा बिल्ला त्यापूर्वीचा, एवढे अनुमान निघते. तो कोणत्या कचेरीतला, कोणी वापरला, याची नोंद नसेल तर उरते ते निव्वळ पितळ.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. पितळेची किंमत वाढावी आणि ते मिरविणाऱ्याच्या श्रमाची वाढू नये, हा कोणता हिशेब? खातेबाह्य टपालसेवकांचे पद नागरी पद असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मान्य केले. तरीही त्यांचे वारस असलेले ग्रामीण डाक सेवक आजही नियमित सेवेच्या बाहेरच आहेत.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिन कोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर याच जिल्ह्यातील केळशीचे. येथील थिबा राजवाड्यात संग्रहालय आहे. त्यात टपालासाठी एखादे दालन व्हावे, संग्राहकांनी बिल्ले आणि निवृत्त टपालसेवकांनी आठवणी द्याव्यात, ही मागणी अवाजवी नाही. मात्र काचेआडच्या बिल्ल्याला मान देताना, उन्हापावसात घाटी चढणाऱ्या आजच्या सेवकाचा हक्क विसरला गेला, तर तो सन्मान पोकळच ठरेल.