मशेरीची मोजदाद

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाबाहेरील पदपथावर बिऱ्हाड मांडून बसलेली परगावची कुटुंबे मुंबईकरांच्या इतकी सरावाची झाली आहेत, की त्यांतील कितीजणांचे दुखणे टाळता आले असते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. कर्करोग, हृद्रोग, पक्षाघात हे विकार संसर्गाने पसरत नाहीत. पुष्कळ अंशी ते सवयींतून येतात. सवयींचा शोध प्रयोगशाळेत लागत नाही, त्यासाठी माणसांच्या दारी जावे लागते. मुंबई बेटावर असे काम झाले आहे. ज्यांच्या दारी ते झाले, त्यांच्या पदरात काय पडले, हे मात्र विचारले पाहिजे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. प्रकाश गुप्ता यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत मतदारयाद्यांच्या आधारे शहरातील पस्तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची घरोघर पाहणी केली. त्यांपैकी ९९,५९८ जणांची माहिती १९९६ साली प्रसिद्ध झाली. शेकडा ६९ पुरुष आणि ५७ स्त्रिया तंबाखू सेवन करीत होत्या. स्त्रियांत धूम्रपान जवळजवळ नव्हतेच. होती ती मुख्यतः मशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावणे म्हणजे त्यांच्या लेखी व्यसन नव्हे, तोंड धुण्याचाच तो एक भाग. कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात जे संसार आले, त्यांच्याबरोबर पाटा-वरवंट्यासारखीच तीही आली. या पाहणीतून उच्चभ्रू वस्त्यांतील इमारती वगळाव्या लागल्या, कारण पहाऱ्यामुळे तेथे प्रवेश मिळणे अवघड होते. चाळीला पहारेकरी नसतो. हे शास्त्र तिच्या उघड्या दारांवर उभे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे पाच-सहा वर्षांनी त्याच घरी जाऊन कोण हयात आहे आणि कोण निवर्तले, याची नोंद करण्यात आली. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा समज २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी खोटा ठरविला. धूररहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाणही न वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने अधिक आढळले. त्याआधी, २००४ साली, मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासातून असे दिसले होते, की अशा तंबाखूमुळे अर्भकाचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने घटते. तेथेही प्रामुख्याने मशेरीच होती.

१९५१ साली डॉल आणि हिल या इंग्रज संशोधकांनी धूम्रपानाच्या अभ्यासासाठी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच प्रश्नपत्रिका धाडल्या. निष्कर्ष बाहेर पडले ते त्याच डॉक्टरांच्या वाचनातील नियतकालिकांत, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी सिगारेट सोडली. जो अभ्यासाचा विषय, तोच अहवालाचा वाचक होता. मुंबईचे निष्कर्षही इंग्रजी नियतकालिकांतच छापले गेले. पण माहिती देणाऱ्या बाईच्या हाती ते पडणार कसे?

दारी जाऊन रोग अडवता येतो, हे याच शहराने सिद्ध केले आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक प्रयोग चालविला. थोडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी पातळ सिरका लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली, आणि त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेसाठी निम्म्या स्त्रियांना तपासणीविना केवळ आरोग्यशिक्षण देण्यात आले. त्यावर आक्षेप घेतले गेले. ते अगदीच निराधार म्हणता येणार नाहीत. निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाला. पुढे केंद्र सरकारने तपासणीचे धोरणही आखले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानच्या ज्या स्त्रियांची ही तपासणी कधी तरी झाली होती, त्यांचे देशातील प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत निघाले.

राज्य सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु बंदी दुकानदाराला धाक घालू शकते. घरच्या तव्यावर काय भाजले जाते, ते तिला दिसत नाही. तेथे बोलणेच उपयोगी पडेल, आणि तेही त्या बाईच्या भाषेत. 'तंबाखू खाता का?' असे विचारल्यास ती नाही म्हणेल, आणि तिच्या समजुतीप्रमाणे ते खोटेही नसेल. 'मशेरी लावता का?' असेच विचारावे लागेल. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि प्रसूतिगृहांत प्रत्येक स्त्रीला हा प्रश्न नावानिशी विचारला जावा, उत्तर होकारार्थी आल्यास तिच्या तोंडाची तपासणी तेथल्या तेथे व्हावी, आणि सवय सोडविण्यासाठी सेविकेने तिच्या घरी पुन्हा जावे. संशोधकांना पाच-सहा वर्षांनी तेच घर पुन्हा शोधून काढता आले. आरोग्य खात्याला ते का जमू नये?