दूर गेलेली आई आणि समाजाचे दायित्व

दिवाळी सरते, भात-नागलीची खळी उरकतात आणि नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ तालुक्यांचे पाडे रिते होऊ लागतात. येथे पाऊस उदंड पडतो. पण डोंगरउतारावर पाणी थांबत नाही आणि दुसरे पीक हाती लागत नाही. मग वनवासी बांधवांच्या टोळ्या दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरतात. गोडी छाटणीनंतर डिपिंग, विरळणी आणि पुढे काढणी अशी कामे थेट उन्हाळ्यापर्यंत चालतात. घडातले मणी विरळ करण्याचे नाजूक काम प्रामुख्याने स्त्रियांच्या हातचे. त्यांतील कित्येकींची लेकरे मागे पाड्यावर आजीपाशी राहिलेली असतात.

सातासमुद्रापार फिलिपिन्समध्ये हीच व्यथा अधिक मोठ्या प्रमाणावर दिसते. तेथील शासनाने १९७४च्या कामगार संहितेने परदेशातील रोजगाराला धोरणाचे रूप दिले. आज हाँगकाँग, सिंगापूर आणि आखाती देशांत असंख्य फिलिपिनो माता परक्यांची मुले सांभाळतात आणि स्वतःची मुले दूरध्वनीवरून वाढवतात. १९८८मध्ये राष्ट्राध्यक्षा कोराझॉन अ‍ॅक्विनो यांनी परदेशी राबणाऱ्यांना ‘नव्या युगाचे वीर’ म्हणून गौरविले. २०२३मध्ये या कष्टकऱ्यांनी ३३ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी धाडली. मात्र गौरवाने आणि डॉलरने तापलेल्या लेकराच्या उशाशी आई येत नाही.

सुरगाण्याच्या आईला समुद्र ओलांडावा लागत नाही. अंतर अवघ्या काही तासांचे असते. पण मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत आणि उक्ते घेतलेले काम संपेपर्यंत तेवढे अंतरही तिला ओलांडता येत नाही.

अशा आईविषयी दोन प्रतिक्रिया सहज उमटतात. एक म्हणते, पोटच्या पोराला टाकून जाणे आईला शोभते काय? दुसरी तिच्या त्यागाचे गोडवे गाते. दोन्हींमुळे बोलणाऱ्याचे समाधान होते, लेकराचे पोट भरत नाही. ज्या सुशिक्षित घरांतील मुले नोकरीसाठी अमेरिकेत आहेत आणि नातवंडे केवळ पडद्यावर भेटतात, त्या घरांनी तरी या आईला बोल लावू नये.

आई मूल सोबत नेते तेव्हाही प्रश्न सुटत नाही. बागेच्या कडेला झोळीतल्या तान्ह्याला थोरली बहीण जोजवते. तिचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते, ती मात्र तेथे नसते. अशा दोन-तीन हंगामांनंतर तिची शाळा कायमची सुटते आणि काही वर्षांनी तीच मुलगी टोळीतील मजूर होते. आईची ताटातूट अशी लेकीच्या पदरी वारसा म्हणून येते.

ही साखळी तोडण्याचे उपाय अज्ञात नाहीत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलालाही शाळेत प्रवेश मिळण्याचा अधिकार दिला आहे. मराठवाड्यात ऊसतोड कामगारांची मुले गावातच राहावीत यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना राबविली गेली. जेथे वसतिगृह नीट चालते तेथे मूल शाळेत टिकते आणि थकल्या आजीवरचा भारही हलका होतो. द्राक्षपट्ट्यात राबणाऱ्यांच्या पाड्यांनाही अशी व्यवस्था दिवाळीपूर्वी सज्ज मिळाली पाहिजे. टोळ्या गेल्यावर कागद हलून उपयोग नाही. बागायतदारांनी टोळी ठरवतानाच सोबत किती मुले आहेत हे विचारावे आणि जवळच्या शाळेला व अंगणवाडीला कळवावे. शहरातील कार्यकर्त्यांनी हंगामात एखाद्या पाड्याशी नाते जोडावे. आजीची विचारपूस आणि मुलांचा अभ्यास एवढे केले तरी पुष्कळ आहे.

कुटुंब ही या समाजाची खरी शक्ती, असे अभिमानाने सांगितले जाते. ते कुटुंब पाड्यावरचेही आहे. नाशिकची द्राक्षे युरोपच्या बाजारात पोहोचतात, याचा जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. तो घड ज्या हातांनी घडविला, त्या हातांना आपल्या लेकरापर्यंत पोहोचता येत नसेल, तर त्या लेकरापर्यंत समाजाने पोहोचले पाहिजे.