चाचणीचे पाणी चारीबाहेर नको

माळेगाव बुद्रुकच्या शिवारात नीरा डाव्या कालव्याचे पाणी वितरिका, चारी, शेतचारी अशा वाटेने येते. कोणते दार मोडले की पाणी कुणाच्या उसात शिरेल, हे दारे धरणाऱ्याला काळोखातही ठाऊक असते. आपल्या चाचणी-नेटवर्कबद्दल असे छातीठोकपणे सांगणारे आपल्यात किती असतील?

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या संगणकावर प्रयोग करता येत नाहीत. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग खोळंबते. म्हणून नवी आवृत्ती आधी आभासी प्रतिकृतीवर तपासायची. खरी मेख इथेच आहे. जुन्या प्रणालींच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ते पक्के लिहिलेले असतात, त्यामुळे बॅकअपवरून उभ्या केलेल्या प्रतिकृतीला तेच पत्ते ठेवावे लागतात. अशा दोन जुळ्या मशीन एकमेकींना दिसल्या, की चालू काम कोलमडलेच.

मी ही चूक केली आहे. चाचणी-सर्व्हरचे नेटवर्क कार्ड ब्रिजवर राहिले आणि त्यावरचे डीएचसीपीही चालू राहिले. सकाळी कार्यालयातले संगणक त्याच्याकडूनच पत्ते घेऊ लागले. गेटवे चुकीचा, कामे ठप्प, आणि मी मात्र केबली तपासत बसलो होतो.

तेव्हापासून कागदावर आराखडा काढल्याशिवाय एकही मशीन उभी करू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रतिकृती अंतर्गत नेटवर्कमध्येच ठेवा. तिला बाहेर पडायला एकच दार द्या: दोन कार्डांची फायरवॉल मशीन. तिच्या बाहेरच्या कार्डाचा पत्ता आतल्यापेक्षा वेगळ्या पट्ट्यातला हवा. ब्रिज वापरायचाच असेल, तर त्याचे कारण आराखड्यावर लिहा.

पत्ते निवडतानाही घाई नको. खासगी वापरासाठी १९९६पासून तीन पट्टे ठरलेले आहेत. त्यांतला १९२.१६८.१.० घरोघरच्या राउटरवर सापडतो, तर १७२.१७.०.० हा डॉकर आपणहून घेतो. व्हर्च्युअलबॉक्सचे होस्ट-ओन्ली नेटवर्क मुळात १९२.१६८.५६.० वर असते. दोन प्रयोगशाळा जोडायच्या ठरल्या की तिथेच टक्कर होते. म्हणून १०.०.०.०च्या विस्तीर्ण पट्ट्यातला एखादा आडवळणाचा तुकडा निवडा आणि नोंदवून ठेवा.

पुढील अंकासाठी आपले आराखडे जरूर पाठवा. खरे पत्ते मात्र झाका. त्यांच्या जागी १९२.०.२.० या पट्ट्यातले लिहा. तो लेखनातील उदाहरणांसाठीच राखलेला आहे.