कुंपणापलीकडच्या मधमाश्या

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला तीन बाजूंनी लॉस एंजेलिसचा वेढा आहे, चौथीकडे समुद्र. घराच्या परसात मधमाश्या पाळण्यास सांता मोनिकाने २०१० मध्ये परवानगी दिली, लॉस एंजेलिसने ऑक्टोबर २०१५ मध्ये. मधली पाच वर्षे हद्दीवरील रस्त्याच्या एका बाजूची पेटी कायदेशीर आणि दुसऱ्या बाजूची बेकायदा होती. फुलांच्या शोधात दोन-तीन किलोमीटर सहज फिरणाऱ्या माशीला ही हद्द अर्थातच ठाऊक नव्हती.

सांता मोनिकात एका घराला दोनच पेट्या. लॉस एंजेलिसमध्ये जागेच्या अडीच हजार चौरस फुटांमागे एक. पाच हजार फुटांच्या भूखंडावर दोन्हीकडे उत्तर एकच! शेजाऱ्याच्या दृष्टीने पेट्यांच्या संख्येपेक्षा लॉस एंजेलिसच्या इतर अटी मोलाच्या आहेत. पेटी शेजारच्या हद्दीपासून पाच फूट दूर हवी, तिला भिंतीचा किंवा झुडपांचा आडोसा हवा, जवळ पाणी हवे. आडोशामुळे माश्या माणसांच्या डोक्यावरून उडतात. पाणी घरीच मिळाले की शेजारच्या जलतरण तलावाकडे कमी वळतात.

आफ्रिकी वंशाच्या आक्रमक माश्या १९९४ मध्ये राज्यात पोहोचल्या, त्यामुळे रहिवाशांची भीती निराधार नव्हती. मात्र बंदीच्या काळातही भिंतींच्या पोकळीत, छपरांखाली मोहोळे बसतच होती. मज्जाव होता तो ती उतरवून परसातील पेटीत सांभाळणाऱ्याला.