पैस खांबावर काय लिहिलंय?

माझी रूममेट माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती. मेसमध्ये शेजारी बसायची, आमटी वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. कारण विचाराल तर एक दगडी खांब!

झालं असं, की मागच्या सेमच्या सबमिशननंतर मी तिच्या गावी गेले होते. गाव नेवासे तालुक्यात. घर वारकऱ्यांचं. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, पहाटे हरिपाठ, घरात कांदा-लसूण नाही. एक दिवस आम्ही नेवाशाला गेलो. नगरहून साठेक किलोमीटर, प्रवरेच्या काठी. (जिल्ह्याचं नाव 2024 पासून अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून 'नगर'च येतं.) ज्ञानेश्वरांनी शके 1212 म्हणजे इ.स. 1290 मध्ये इथे ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली, हे आपण सगळे शाळेपासून ऐकत आलोय. माउली ज्या खांबाला टेकून बसले, तो पैस खांब तिथल्या मंदिरात आहे. लोक त्याला मिठी मारतात, कपाळ टेकवतात. मीही हात लावला. खांबावर अक्षरं कोरलेली होती, पण वाचता येईनात. "काय लिहिलंय गं?" मी विचारलं. "माउलींचंच काहीतरी असेल," ती म्हणाली.

परत आल्यावर लायब्ररीत शोधाशोध केली. तो लेख संस्कृतात आहे आणि करवीरेश्वर देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. त्यात ज्ञानेश्वरांचं नाव नाही, गीतेचा उल्लेख नाही. मी काय केलं? रात्री अख्ख्या विंगसमोर जाहीर केलं, "तुमचा पैस खांब म्हणजे तेलाची पावती आहे!" सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

त्या वेळी मला वाटलं, मी पुराव्यानिशी बोलले. आता वाटतं, मी दोन चुका केल्या. पहिली बोलण्याच्या रीतीची, तिच्यासाठी माफी मागून झाली आहे. दुसरी लॉजिकची होती आणि ती मला जास्त लागली, कारण आपण स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. लेखावरून काय कळतं? तिथे करवीरेश्वराचं देऊळ होतं, दिवा जळत होता आणि तेलाला कोणी पैसे दिले होते. पुढे त्या खांबाला कोण टेकून बसलं, हे लेख सांगत नाही. सांगणारही नाही, तो त्याचा विषयच नाही. म्हणजे लेखामुळे परंपरा सिद्ध होत नाही, तशी खोटीही पडत नाही. मी मात्र 'पुरावा नाही' याचं 'खोटं आहे' करून टाकलं. व्हायवात एक्स्टर्नलने याच गोष्टीवर मला धुतलं असतं.

नेवाशात जमीनही खणून पाहिलेली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 या काळात लाडमोड नावाच्या टेकाडावर उत्खनन केलं, अहवाल 1960 मध्ये आला. दगडी हत्यारं वापरणाऱ्या आदिमानवापासूनचे पुरावे मिळाले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची घरं मिळाली. लहान मुलं दगावली की त्यांना मातीच्या रांजणांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत असत. हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं होतं. त्यानंतर सातवाहनांचा काळ, रोमन व्यापारातून आलेल्या मद्याच्या कुंभांचे तुकडे. आणि मग टेकाडावर मोठी पोकळी! रोमन व्यापाराच्या काळानंतर थेट मुसलमान-मराठा काळाचा थर. ज्ञानेश्वरांचं तेरावं शतक नेमकं त्या पोकळीत पडतं.

हे वाचल्यावर पुन्हा विंगमध्ये धावत जायचा मोह झाला होता. पण आता शहाणी झाले होते. एक टेकाड म्हणजे अख्खं गाव नव्हे. वस्ती सरकते, नदी काठ बदलते, आणि आज जिथे लोक राहतात तिथे खड्डे खणायला कोण देणार? बोअरहोल एका कोपऱ्यात मारून संपूर्ण साइटचा रिपोर्ट देता येत नाही, हे सिव्हिलवाल्यांना मी सांगायला नको.

आपल्याच जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. 1974 मध्ये तिथे एका माणसाला झाडाचं मूळ खणताना ब्राँझची चार खेळण्यांसारखी शिल्पं सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस. खेळणी म्हणायची, पण सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर! 'महाभारतकालीन रथ सापडला' असा एक फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. (अर्जुनाच्या रथाला बैल? असो.) खरी अडचण वेगळी आहे. ही शिल्पं रीतसर उत्खननात, ठरावीक थरात मिळालेली नाहीत. म्हणून त्यांच्या काळावर वाद झाला. बहुतेक अभ्यासक ती उत्तर हडप्पा काळातली मानतात, तर धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण बघून काहींनी शंका घेतली. वस्तू अस्सल, पण ती कोणत्या थरातली हे नक्की नाही, म्हणून तिचं म्हणणं अर्धं राहिलं. ज्यांना रथ महाभारतातला हवा आहे, त्यांना थराची गरजच वाटत नाही.

आता जमिनीवरून कागदावर येते. तिथे तर आपण हॉस्टेलवाले एक्स्पर्ट आहोत.

पोथ्यांची परंपरा आपल्याकडे अजून जिवंत आहे, फक्त तिला आपण जर्नल म्हणतो. एका हुशार मुलीचं फ्लुइड मेकॅनिक्सचं जर्नल वेळेवर पूर्ण होतं. त्यावरून सहाजणी उतरवतात, त्या सहांवरून निम्मा वर्ग. आमच्या बॅचमध्ये व्हेंच्युरीमीटरच्या प्रयोगात कोणीतरी 0.97 चे 0.79 केले. सरांनी नुसती ती ओळ बघत बघत कोणी कोणाचं जर्नल छापलं याची वंशावळ पाच मिनिटांत फळ्यावर मांडली! त्याहून मोठी गंमत पुढे आहे. एकीने मार्जिनमध्ये पेन्सिलने स्वतःपुरतं लिहून ठेवलं होतं, 'पाईपला गळती असल्यामुळे'. पुढच्या चौघींनी ते प्रयोगाचाच भाग समजून पेनाने आत घेतलं. म्हणजे जे मूळ जर्नलमध्ये नव्हतंच, ते चार जर्नलमध्ये सारखं!

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताचं नेमकं हेच केलं. काम 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पूर्ण झालं. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या 1,259 हस्तलिखितांचा उपयोग केला. कुठल्या पोथ्यांत एकसारख्या चुका आहेत, कुठल्या ओळी एकाच प्रांतात आढळतात, हे ताडून सर्वांत जुना पाठ शोधायचा प्रयत्न झाला. वि. सी. सुखठणकर 1925 पासून 1943 मध्ये जाईपर्यंत या कामाचे प्रमुख संपादक होते. निकाल काय लागला? व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो ही गोष्ट मूळ संहितेतून बाहेर जाऊन परिशिष्टात बसली. द्रौपदी कृष्णाचा धावा करते ते श्लोकही तळटीपेत गेले. वस्त्रं येतात, पण धावा नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा धक्का बसला, कारण टीव्हीवर बघितलेला तोच प्रसंग डोळ्यांसमोर होता. पण लक्षात घ्या, या संपादकांनी एकही श्लोक फेकून दिला नाही. गाळलेलं सगळं खाली छापलं, कुठल्या पोथीत आहे त्या खुणेसकट. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' याच कामाच्या आधारावर उभं आहे.

'हे सगळं इंग्रजांकडून आलेलं खूळ' असं आमच्या विंगमधल्या एकीचं मत आहे. तिला मी एकनाथांचं उदाहरण देते. ज्ञानेश्वरीनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके 1506 म्हणजे 1584 मध्ये, पैठणच्या एकनाथांना दिसलं की नकला करता करता ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले आहेत. त्यांनी ग्रंथ शुद्ध केला, आपण तसं का केलं हे शेवटी लिहून ठेवलं, आणि यापुढे यात कोणी आपली ओवी घुसडली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखं होईल, असा दमही भरला. संत माणूस, ज्ञानेश्वरांवर जिवापाड भक्ती, आणि तरीही पोथीत चूक असू शकते हे उघड म्हणणारा! ज्ञानेश्वरी जयंती आपण साजरी करतो ती याच कामाची, भाद्रपद वद्य षष्ठीला.

एकनाथांनीही नेमकं काय बदललं, हा प्रश्न पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांना पडला. एकनाथांच्या आधीची म्हणून त्यांना जी पोथी मिळाली, तिच्यावरून त्यांनी 1909 मध्ये ज्ञानेश्वरी छापली. मूळ पोथी मात्र नंतर नाहीशी झाली, त्यामुळे राजवाड्यांवरही नुसता विश्वासच ठेवावा लागतो. त्याआधी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'भारद्वाज' या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने 'सुधारक' पत्रात म्हटलं होतं, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव ही दोन वेगळी माणसं आहेत! मला स्वतःला हे पटलेलं नाही. भाषेतल्या फरकाला दुसरीही कारणं असू शकतात. पण त्या लेखांना उत्तरं आली ती लेखांनीच.

रेड्यामुखी वेद आणि भिंत चालवणे या गोष्टी आपल्याला ज्या रूपात माहीत आहेत, त्या बऱ्याचशा महिपतींच्या 'भक्तविजया'मुळे. महिपती आपल्याच जिल्ह्यातले, राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. भक्तविजय 1762 चा. म्हणजे ज्ञानेश्वरी आणि भक्तविजय यांत 472 वर्षांचं अंतर. आज कोणी 1550 च्या सुमाराला घडलेला प्रसंग संवादासकट लिहिला तर आपण 'तुला कसं माहीत?' असं विचारू ना? पण महिपतींनी नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांवरून आपण लिहीत आहोत, हे सांगून टाकलंय. आपल्या सेमिनार रिपोर्टमध्ये तेवढाही प्रामाणिकपणा नसतो.

इथवर वाचून कोणाला वाटेल, ही कॉन्व्हेंटची मुलगी, हिला आपलीच पोथी दिसते. रूममेटने हेच विचारलं होतं, "तुमच्या शाळेत बायबल शिकवायचे, तेव्हा तू विचारलंस का?" नाही विचारलं. मी हिंदू घरातली, पण मॉरल सायन्सच्या तासाला यहोशवाची गोष्ट ऐकत मोठी झाले. सात दिवस प्रदक्षिणा, रणशिंगं आणि यरीहोच्या तटबंदी कोसळल्या! परीक्षेत चित्र काढून पूर्ण मार्क मिळवले होते. 1952 ते 1958 या काळात कॅथलीन केनियन यांनी यरीहोला थर लावून खणलं. आधीच्या संशोधकाने 'हीच यहोशवाची भिंत' म्हणून दाखवलेली भिंत त्यांना कितीतरी शतकं जुनी आढळली, आणि यहोशवाच्या मानल्या गेलेल्या काळात तिथे तटबंदीचं शहरच नव्हतं असं दिसलं. केनियन मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली तयार झाल्या. आणि आपले सांकलियाही विद्यार्थी असताना इंग्लंडमध्ये व्हीलर यांच्याच उत्खननात शिकले! यरीहो आणि नेवासे इथे थर मोजण्याची पट्टी एकच होती. ती एका धर्माला लावायची आणि दुसऱ्याच्या वेळी खिशात ठेवायची, हा प्रकार मी केला होता.

सांकलियांनी 1973 मध्ये रामायणावर पुस्तक लिहून लंका मध्य भारतात असावी असं मत मांडलं. अनेकांना ते अजिबात आवडलं नाही. पण पुस्तकाला पुस्तकाने उत्तर देता येतं. 5 जानेवारी 2004 ला काय झालं, हे आमच्या बॅचला फारसं माहीत नाही, कारण आमच्यातल्या बऱ्याचजणांचा जन्म व्हायचा होता. शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी लेखकाच्या पुस्तकामुळे चिडलेला जमाव भांडारकर संस्थेत घुसला आणि पुस्तकांची, पोथ्यांची नासधूस केली. त्या पुस्तकातला मजकूर संतापजनक होता, हे मान्य. पण फाटल्या त्या आपल्याच पोथ्या. हा लेख लिहिताना एक-दोघींनी मला "कशाला नसत्या भानगडीत पडतेस?" असं विचारलं ते उगीच नाही.

रूममेटचे आजोबा गेल्या महिन्यात हॉस्टेलवर आले होते, शेंगदाण्याचे लाडू घेऊन. गेटपाशी बाकावर बसलो. नातीने माझी तक्रार केलीच. मी मान खाली घातली. आजोबा हसले. "अगं पोरी, तो लेख करवीरेश्वराच्या दिव्याचा हे आम्हाला ठाऊक हाये की. देऊळ आधीचं. माउली नंतर आले, टेकले. त्यांनी काय खांब बांधला व्हता का?" मी रात्रभर लायब्ररीत बसून शोधलेली गोष्ट त्यांना आधीपासून माहीत होती. मग मी त्यांना एकनाथांच्या शुद्धीकरणाचं आणि राजवाड्यांच्या पोथीचं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. नाथांच्या आधीच्या पाठाचं ऐकून म्हणाले, "मला वाचायचीय ती. मिळंल का?"

राजवाडे संहितेची ज्ञानेश्वरी कोणाच्या घरी असेल, तर मराठी विभागाच्या संपादकांकडे माझ्यासाठी निरोप ठेवा. टाइप मोठा हवा, आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय.